भंडारा जिल्ह्यातील जुने चांदीचे रुपये : मूल्यनिर्णयाचा प्रश्न

वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांतून चांदीचे जुने रुपये आजही अधूनमधून विक्रीस येतात. काही घरांत ते लक्ष्मीपूजनासाठी जपून ठेवलेले असतात, काही घरांत आजीच्या गळ्यातील माळेतून सुटे झालेले असतात, तर काही नाणी नांगराच्या फाळास लागून वर आलेली असतात. भंडारा, तुमसर किंवा पवनी येथील सराफाच्या काट्यावर असे नाणे पडले म्हणजे विकणारा व घेणारा या दोघांपुढेही एकच प्रश्न उभा राहतो : याचे मोल किती ? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु गेल्या दोन शतकांत त्याचे उत्तर अनेक वेळा पालटले आहे. याचे कारण असे की, नाण्यास एक नव्हे, तीन मूल्ये असतात : शिक्क्याचे, धातूचे आणि पुराव्याचे. यांपैकी एकाच मूल्यावर दृष्टी ठेवून केलेला सौदा कोणाचे तरी नुकसान करतो, हेच या नाण्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या भागात चालणाऱ्या रुपयांवर मोगल बादशहाचे नाव फारसी लिपीत असे. ठसा मोठा व चकती लहान असल्याने पूर्ण मजकूर एकाही नाण्यावर सहसा उमटत नसे. त्यातच दुसऱ्या शाह आलमचे नाव एकट्या नागपूरच्या टांकसाळीने नव्हे, तर हिंदुस्थानातील कितीतरी सत्ताधीशांनी आपल्या रुपयांवर घातले. ईस्ट इंडिया कंपनीही त्यास अपवाद नव्हती. बादशहा १८०६ मध्ये मरण पावल्यावरही त्याच्या कारकीर्दीचे १९ वे किंवा ४५ वे वर्ष तसेच कायम ठेवून कंपनी रुपये पाडीत राहिली. अर्थात् केवळ बादशहाचे नाव व साल वाचून नाणे कोणाचे व केव्हाचे हे ठरविणे धोक्याचे असते. टांकसाळीच्या नावाची जी काही अक्षरे उरली असतील ती आणि विशिष्ट चिन्हे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ज्या काळी अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, त्या काळी प्रत्येक रुपयाचे मोल सराफ ठरवी. वजन, कस, झीज आणि टांकसाळीची पत पाहून तो ‘बट्टा’ कापून घेई. बंगालमध्ये तर रुपया एक वर्षाचा जुना झाला की केवळ त्या कारणास्तव त्यावर बट्टा बसे. यात सराफाचे कौशल्य होते. तसेच रयतेची अडचणही होती. ज्यास नाणे पारखता येत नसे, त्यास समोरच्याचा शब्द मानावा लागे.

१८३५ च्या कायद्याने ही अनिश्चितता पुष्कळ अंशी दूर केली. कंपनीच्या नव्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा सुमारे ११.६६ ग्रॅम ठरले आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन असावी असे ठरले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर भंडाऱ्यातही हाच रुपया हळूहळू सर्वमान्य झाला. रुपया व तोळा एकच झाल्याने तराजूच्या पारड्यात रुपयाच वजन म्हणून पडू लागला. बंदा रुपया आणि त्यातील चांदी या दोहोंची किंमत जवळजवळ सारखीच होती; कारण टांकसाळीत चांदी नेऊन देणाऱ्यास तिचे रुपये पाडून मिळत.

हे समीकरण १८९३ च्या जूनमध्ये मोडले. जगात चांदीचे भाव उतरत असल्यामुळे सरकारने खाजगी चांदीस टांकसाळीचे दार बंद केले आणि पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स या दरावर टिकविला. याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. १८९९ च्या सुमारास लंडनच्या बाजारभावाने एका रुपयातील १६५ ग्रेन चांदीची किंमत अवघी दहा आण्यांच्या आसपास भरत होती. शिक्का असेल तर सोळा आणे, शिक्का नसेल तर दहा.

हा भेद कागदावरचा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांताला ग्रासले आणि भाताच्या पिकावर जगणारा भंडारा जिल्हाही त्यातून सुटला नाही. शेतकऱ्याची शिल्लक बँकेत नव्हती. ती स्त्रियांच्या हातापायांतील व गळ्यातील चांदीत होती. ज्याने ती शिल्लक नाण्यांच्या रूपाने पुरली होती, त्यास पूर्ण धान्य मिळाले. ज्याने तीच चांदी वाळे, गोठ किंवा सरीच्या रूपाने जपली होती, त्याच्या पदरी त्याच वजनास पुष्कळ कमी धान्य पडले. एकाच घरातील एकाच धातूची ही दोन मोले सरकारी निर्णयाने पडली होती.

पुढे काटा उलट फिरला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की १९१७ मध्ये रुपयातील धातू शिक्क्याहून मौल्यवान ठरू लागला. नाणी वितळविण्यास बंदी करावी लागली, एक रुपयाची नोट निघाली आणि १९१८ मध्ये अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी मिळविण्याची व्यवस्था झाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने निराळा मार्ग पत्करला. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त आले. १९४१ ते १९४३ या काळात जुन्या कसाचे रुपये क्रमाक्रमाने चलनातून बाद करण्यात आले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला.

आजच्या खरेदीदारास याच इतिहासातून कसोट्या मिळतात. सहाव्या जॉर्जच्या छापाचे १९३९ व १९४० या सालांचे दोन रुपये आकाराने व वजनाने सारखेच असतात; परंतु पहिल्यात सुमारे १०.७ ग्रॅम आणि दुसऱ्यात ५.८ ग्रॅम चांदी असते. म्हणून ‘एक तोळा चांदी’ म्हणून सरसकट केलेला सौदा फसवा होय. साल झिजून गेले असल्यास पाण्यातील वजन उपयोगी पडते. जुन्या कसाचा रुपया पाण्याच्या सुमारे १०.३ पट जड असतो, तर युद्धकालीन रुपया सुमारे ९.५ पट. १९४७ चा निकेलचा रुपया लोहचुंबकास चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. ओतीव बनावट नाण्याच्या कडेस बहुधा सांध्याची रेषा दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. माळेतील रुपयास डाग देऊन कडी जोडलेली असल्यास झाळणीचे वजन चांदीत धरता येत नाही. रामदरबाराची आकृती, कंपनीचे नाव आणि १८१८ यासारखे साल असलेल्या टाकांना फार मोठी किंमत सांगितली जाते. परंतु कंपनीने असे चलन कधी पाडले नाही. ते देवघरासाठी केलेले टाक होत आणि त्यांचे मोल तेवढेच मानले पाहिजे.

येथवर शिक्का व धातू यांचा विचार झाला. तिसरे मूल्य काट्यावर येत नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनी येथे उत्खनन केले, तेव्हा तेथील प्रत्येक वस्तूस अर्थ आला तो तिच्या थरामुळे व स्थानामुळे. नाण्यासही हाच नियम लागू आहे. झिजलेला, अर्धवट ठशाचा भोसलेकालीन रुपया अमुक गावात, अमुक नाण्यांच्या सोबत सापडला एवढे कळले, तर त्या गावाचा कोणत्या बाजारपेठेशी व्यवहार होता याचा तो साक्षीदार ठरतो. तोच रुपया दोन-तीन हातांतून फिरून, घासूनपुसून चकचकीत होऊन आला की तो दिसावयास सुंदर असतो, पण मुका असतो. मुशीत गेला तर तेही उरत नाही.

जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे त्याने बंधनकारक केले. सरकारने असे धन स्वतःकडे घ्यावयाचे ठरविल्यास धातूची किंमत व तिचा एक-पंचमांश अधिक द्यावा, असे त्यात म्हटले आहे. या एक-पंचमांशात कायद्याने धातूपलीकडच्या मूल्याची दखल घेतली आहे. मात्र ते मोजमाप फारच तोकडे आहे. धातूच्या भावाहून एवढेच अधिक मिळणार असेल, तर शेतकऱ्याची पावले कचेरीऐवजी सराफाकडे वळतात यात नवल नाही.

यास्तव जुना रुपया विकत घेणाऱ्याने वजन व कस यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : हा कोठून आला ? गावाचे नाव, सोबतची नाणी आणि सापडण्याचा किंवा घरात येण्याचा प्रकार एवढ्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून नाण्याबरोबर ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. त्या चिठ्ठीवाचून भंडाऱ्याचा रुपया आणि अन्य कोठलाही रुपया यांत भेद उरत नाही. शिक्क्याचे मोल राज्याबरोबर गेले आणि धातूचे रोज बदलते. पुराव्याचे मोल मात्र जपले तरच राहते. एकदा गेले की कोणताही सराफ ते परत देऊ शकत नाही.