झाक गोदबू : कादंबरी, चित्रपट आणि एक भाषाप्रश्न

फ्रेंच-कॅनेडियन लेखक झाक गोदबू यांच्या कादंबऱ्या वाङ्मयाच्या इतिहासाकडे व चित्रपट चित्रपटकलेच्या इतिहासाकडे सोपविणे सोयीचे असते. परंतु तसे केल्यास त्यांच्या कारकिर्दीचे मर्मच निसटते. स्वभाषा गमावल्यावर माणसाचे काय उरते, हा एकच प्रश्न त्यांनी दोन्ही माध्यमांतून विचारला आहे.

गोदबू यांचा जन्म १९३३ साली मॉन्ट्रियल येथे झाला. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी इथिओपियात, अदिस अबाबा येथे, अध्यापन केले. परतल्यावर १९५८ मध्ये ते कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात दाखल झाले आणि पुढल्याच वर्षी ‘लिबेर्ते’ या वाङ्मयीन नियतकालिकाच्या संस्थापकांत त्यांचे नाव आले. १९६० साली झाँ लेसाज यांचे सरकार अधिकारावर येऊन क्वेबेकमध्ये ‘शांत क्रांती’स आरंभ झाला. शिक्षणावरील चर्चचे वर्चस्व ओसरू लागले आणि फ्रेंच भाषेचे स्थान हा राजकारणाचा मध्यवर्ती विषय बनला.

मॉन्ट्रियलच्या श्रमिक वस्तीतील बोलीस ‘झुआल’ म्हणतात. घोडा या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या तेथील उच्चारावरूनच हे नाव पडले. ही बोली शरमेची की अभिमानाची, यावर त्या दशकात कडाक्याचा वाद झाला. गोदबूंनी तिचा झेंडा खांद्यावर घेतला नाही. तथापि ‘सालू गालार्नो!’ (१९६७) या कादंबरीत त्यांनी हॉट डॉग विकणाऱ्या एका तरुणाच्या हाती वह्या दिल्या आणि त्याला आपल्याच बोलण्याच्या लयीत लिहू दिले. ‘जगणे’ व ‘लिहिणे’ या दोन क्रियापदांचा सांधा जुळवून हा नायक एक नवेच क्रियापद घडवितो. भाषेच्या अभ्यासकास हे एकच क्रियापद पुष्कळ काही शिकवून जाते. या कादंबरीस गव्हर्नर-जनरल पारितोषिक लाभले.

चित्रपटांपैकी ‘इक्स-१३’ (१९७१) हा स्वस्त हेरकथांच्या मालिकेवर बेतलेला संगीतमय विडंबनपट आजही मौजेचा वाटतो. १९७७ साली क्वेबेकच्या लेखकसंघाची स्थापना झाली तेव्हा गोदबू त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

मे १९८० च्या सार्वमतात क्वेबेकच्या सुमारे साठ टक्के मतदारांनी सार्वभौमत्वाविषयीचा प्रस्ताव नाकारला. पुढल्याच वर्षी ‘पापिनोची डोकी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लुई-झोझेफ पापिनो हे १८३७ च्या उठावाशी निगडित असलेले पुढारी. त्यांच्या बुद्धिमत्तेच्या ख्यातीमुळे ‘पापिनोचे डोके’ हा क्वेबेकच्या बोलण्यात वाक्प्रचारच होऊन बसला. गोदबूंनी तो शब्दशः घेतला. त्यांच्या नायकाला एका धडावर दोन डोकी आहेत : एक शार्ल, दुसरे फ्राँस्वा. एकाचा ओढा इंग्रजीकडे, दुसऱ्याचा फ्रेंचकडे. शस्त्रक्रियेने दोहोंचे एक डोके करण्यात येते आणि उरतो तो केवळ इंग्रजी जाणणारा चार्ल्स एफ. पापिनो. फ्राँस्वाच्या नावाचे एक आद्याक्षर तेवढे शिल्लक राहते. रूपक काहीसे ढोबळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते मनातून जात नाही.

ही केवळ कल्पना नव्हे, याचा दाखला गोदबूंनीच १९८८ च्या ‘एलियास विल जेम्स’ या अनुबोधपटात दिला. अमेरिकन काउबॉयकथांचा प्रसिद्ध लेखक-चित्रकार विल जेम्स हा वस्तुतः एर्नेस्त द्युफो, १८९२ साली क्वेबेकमधील सँ-नाझेर-दाक्तों गावी जन्मलेला. पोरवयातच तो पश्चिमेकडे गेला, नाव टाकले, भाषा टाकली. त्याच्या ‘स्मोकी’ या पुस्तकास १९२७ साली न्यूबेरी पदक मिळाले. १९३० च्या आत्मचरित्रात त्याने आपला जन्म मोंटाना राज्यात झाल्याचे लिहिले. १९४२ मध्ये तो वारला आणि त्याचे खरे मूळ त्यानंतर पंचवीस वर्षांनी ग्रंथरूपाने उघड झाले. त्या आत्मचरित्रात एक तपशील आहे. आपण अनाथ होतो आणि एका फ्रेंच-कॅनेडियन पारध्याने आपल्याला वाढविले, असे तो सांगतो. जिभेवर उरलेल्या फ्रेंच ढबीचा उलगडा करण्यास असा एखादा पालक उपयोगी पडणारच होता.