मेण, माती आणि पितळेचा घोडेस्वार

धातूच्या चिमुकल्या सैनिकांची दले टेबलावर मांडून, फासे आणि मोजपट्टी यांच्या आधारे लढाई खेळण्याचा छंद युरोपात गेल्या दोन शतकांत वाढला आणि त्याच्याच पोटी, बाजारातून आणलेल्या सैनिकाचे डोके, हात किंवा शस्त्र कापून तेथे दुसरे बसवण्याचे एक स्वतंत्र कसब जन्माला आले. इकडे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, केळापूर आणि पैनगंगेपलीकडचा आदिलाबादचा डोंगराळ मुलूख या सलग पट्ट्यात वीतभर उंचीची धातूची आकृती घडत आली ती खेळासाठी नव्हे, देवासाठी. तरीही मेण, माती, भट्टी आणि कानस हा दोन्ही कामांचा संसार इतका सारखा आहे की एकाशेजारी दुसरे ठेवून पाहिल्याशिवाय त्यांच्यातला खरा फरक ध्यानात येत नाही.

हा पट्टा आज दोन राज्यांत विभागलेला असला तरी ती विभागणी जुनी नाही. 1853च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली येईपर्यंत पैनगंगेचे दोन्ही तीर निजामाच्याच राज्यात होते. 1864मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून निराळा काढलेला जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि 1905मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. 1956च्या राज्यपुनर्रचनेत तर आदिलाबाद जिल्ह्यातलेच किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले. गोंड, परधान आणि कोलाम यांच्या वस्त्या नदीच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला अलीकडून जाणाऱ्या गोंडांना सीमा ओलांडल्याचे फारसे काही वाटत नाही.

या गोंडांसाठी ओतकाम करणारा समाज वोज किंवा ओझा या नावाने ओळखला जातो. उत्तर हिंदुस्थानातील ओझा आडनावाच्या ब्राह्मणांशी त्याचा संबंध नाही, आणि गावोगावी भांडी विकणारा कासारही निराळा. जैनूर मंडलातील उशेगाव आणि केरामेरीच्या बाजूचे केसलागुडा ही त्यांची नावाजलेली गावे असून, देवतांच्या प्रतिमा, दिवे, घंटा, घुंगरू, हत्ती, घोडे आणि मोर या त्यांच्या हातच्या वस्तू आहेत. त्यांतल्या घंटा-घुंगरांकडे शोभेच्या दृष्टीने पाहणे चुकीचे ठरेल, कारण दिवाळीच्या दिवसांत दंडारी नाचणाऱ्यांच्या अंगावर किंवा देवाच्या भाल्याशेजारी त्यांचा नाद हा पूजेचाच भाग असतो. आदिलाबादच्या या ढोकरा कामाला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ढोकरा हे नाव मात्र पूर्व भारतातल्या ओतकाऱ्यांवरून सगळ्या देशभर पसरले आहे.

या कामाची रीत अशी. काळी माती, शेण आणि भाताचे तूस कालवून आधी आकृतीचा गाभा करतात आणि तो वाळवून घासून गुळगुळीत करतात. मधाच्या पोळ्याचे मेण राळेत आणि थोड्या तेलात उकळून मऊ केले जाते, आणि ते लहान दाबयंत्रात घालून बारीक छिद्रांतून पिळले की शेवयांसारखे लांबच लांब सूत निघते. हे सूत कोमट असतानाच गाभ्यावर शेजारी शेजारी बसवायचे, बोटाने नव्हे तर लाकडाच्या चपट्या पातीने हलके दाबायचे, आणि घोड्याच्या मानेवर आयाळ हवी तेथे त्याच सुताच्या आखूड तुकड्यांची रांग लावायची. डोळा म्हणजे सुताची एक गुंडाळी, लगाम म्हणजे दुहेरी पीळ. ओतून झालेल्या पितळेवर दिसणाऱ्या समांतर रेघा कोरीव कामाच्या नसतात, त्या मेणाच्या सुताच्या खुणा असतात, आणि पाहणारे बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. मग मेणावर चाळलेल्या मऊ मातीचा पातळ थर, त्यावर जाड मातीचे थर, वर धातू जाण्यासाठी वाट आणि तिच्या तोंडाशी पितळेची मोड. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि सुमारे 900 अंश सेल्सिअसच्या वर वितळलेले पितळ त्याच्या रिकाम्या जागेत शिरते. निवल्यावर मातीचे कवच फोडावे लागते, म्हणून मेणाची मूळ आकृती आणि तिचा साचा ही दोन्ही एकाच ओतणीत संपतात. दुसरा घोडा हवा असेल तर पुन्हा पहिल्या शेवईपासून सुरुवात करावी लागते.

संस्कृत ग्रंथांत या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे; मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्तीसाठी लागणारा धातू मेणाच्या वजनावरून कसा ठरवावा हेही सांगितले असून, चांदी मेणाच्या बारापट आणि सोने सोळापट घ्यावे असा त्याचा हिशेब आहे. महाराष्ट्राच्या भूमीत हे कसब त्याहून कितीतरी जुने असल्याचा पुरावा 1974मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला मिळाला. छबू लक्ष्मण भिल यांना एका झाडाच्या बुंध्याशी खणताना सापडलेल्या चार भरीव आकृत्यांचे वजन 60 किलोंहून अधिक भरले, आणि त्यांत हत्ती, गेंडा, रेडा यांबरोबर दोन बैलांचा 45 सेंटिमीटर लांबीचा रथ होता, ज्यात सारथी उभा आहे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, पण जोखडाला जुंपलेले बैल आणि तोल सावरून उभा असलेला तो माणूस पाहिल्यावर, लहान आकारात हालचाल पकडण्याची कला येथे परक्यांनी आणून दिली असे कोणी म्हणू नये.

युरोपातील सैनिकांची गोष्ट निराळ्या धातूपासून सुरू होते. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे सैनिक ओतायला घेतले. 1824मध्ये प्रशियात राइसविट्झ या अधिकाऱ्याने वडिलांच्या युद्धखेळाला सुधारून लष्करी शिक्षणासाठी नियमबद्ध केले. 1893मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कारखान्याने पोकळ शिशाचे सैनिक काढून ते स्वस्त केले, आणि 1913मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घराच्या फरशीवर आणला. शिसे 327 अंशांना वितळते आणि कथलाशी मिसळले की आणखी खाली येते, म्हणूनच पुढे पक्क्या रबराचा गोल साचा गरगर फिरवून त्यात एका वेळी अनेक सैनिक ओतणे शक्य झाले. पितळेच्या उष्णतेपुढे रबर क्षणभरही टिकले नसते. साचा टिकाऊ झाला आणि सैनिक सारखे झाले. सारखेपणा आला तेव्हाच तो मोडण्याची हौसही आली.

ही हौस म्हणजेच रूपांतर. सोनारी करवतीने सैनिकाचा हात खांद्याशी कापायचा, दोन्ही तोंडांना हातगिरमिटाने भोक पाडून मध्ये तारेचा तुकडा घालायचा, नवा हात वेगळ्या कोनात चिकटवायचा आणि सांध्यावर दोन भाग मळून तयार होणाऱ्या लांबीने बाहीची घडी उठवायची. आपल्याकडे गळक्या नळावर लावले जाणारे एम-सील याच जातीचे. मूळ शिल्पकारही अशाच लांबीत पहिला नमुना घडवतात आणि रबराचा साचा उष्णतेने व दाबाने पक्का करताना तो नमुना पुष्कळदा मोडतो, म्हणून आधी त्याची धातूची प्रत काढून ठेवण्याची खबरदारी घेतली जाते. उशेगावच्या मेणाचे जे व्हायचे तेच इथल्या लांबीचे होते. मात्र इथे मागे साचा उरतो.

साच्याचा मार्ग महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हता. देव्हाऱ्यातला टाक, म्हणजे ठशावर ठोकून उठवलेली चांदीच्या पातळ पत्र्यावरची देवप्रतिमा, शेकडो घरांसाठी एकाच ठशावरून निघते, आणि खंडोबाचा टाक असेल तर घोडा, तलवार आणि म्हाळसा सगळीकडे त्याच जागी असतात. तेथे सारखेपणा हा दोष मानला जात नाही, कारण देव ओळखू येणे महत्त्वाचे. झिजून नाकडोळे पुसले गेले की सोनाराकडून त्याच रूपाचा नवा टाक करून घेतला जातो. वोजांच्या घोड्याला ही सोय नाही. प्रदर्शनांसाठी एकाच मापाचे अनेक नग मागवले गेले तर गाभे एका साच्यात दाबून काढता येतात, पण सूत तरी हातानेच बसवावे लागते, आणि शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन घोड्यांपैकी एकाच्या आयाळीत एक शेवई जास्त भरते.