बोरघाटाचा मक्ता आणि मजुराची मजुरी

सार्वजनिक कामाचा मक्ता म्हणजे केवळ दरांची यादी नव्हे. काम अडलें, खर्च वाढला किंवा पैसा थकला, तर तोटा कोणीं सोसावयाचा, हेंहि मक्त्यांतच ठरत असतें. पश्चिम हिंदुस्थानांत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो बोरघाटांतील लोहमार्गाच्या बांधणींत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला १८४९ सालीं. त्या करारान्वयें जमीन सरकारनें फुकट द्यावयाची होती, आणि भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमीहि सरकारनेंच घेतली होती. उत्पन्न कमी आल्यास तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे येथील रयतेच्या करांतून, भरून निघावयाची. कामावर देखरेखीचा हक्क सरकारनें राखला होता खरा. परंतु विलायतेंतील भागीदारास खर्चाची चिंता वाहण्याचें फारसें कारण उरलें नव्हतें. वरच्या टोकास नुकसानीचें भय असें जवळजवळ नाहींसें झालें होतें. खालच्या टोकास तें किती होतें, हें घाटानें दाखविलें.

घाटाचें काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. सोळा मैलांहून कमी अंतरांत १,८३१ फूट चढावयाचें, कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट असा चढ, २५ बोगदे आणि ८ मोठे पूल, असा हा मामला होता. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनीं आखणी केली. मक्ता मिळाला मुंबई-ठाणें मार्ग बांधणाऱ्या विल्यम फेव्हिएल यांना. ऐन भरांत ४०,००० हून अधिक माणसें या कामावर राबत होतीं.

इतक्या माणसांना मक्तेदार स्वतः थोडाच पैसा वांटतो? कंपनीकडून मक्तेदारास, मक्तेदाराकडून पोटमक्तेदारास, त्याच्याकडून मुकादमास आणि मुकादमाकडून मजुरास, अशी ती उतरंड होती. वरील एक मडकें हाललें कीं खालचीं सारीं डळमळावयाचीं. मजुरी थकली, आणि १८५९ च्या जानेवारींत मजुरांचा प्रक्षोभ होऊन दंगा उसळला. चौकशी झाली, पाठोपाठ १८६० सालीं मालक व कामकरी यांच्या तंट्यांचा कायदा झाला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें तांतडीनें तोडावे, ही त्यांतील सोय मजुराच्या हिताची होती. मात्र करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूदहि त्याच कायद्यांत होती.

फेव्हिएल यांनीं त्याच वर्षीं मक्ता सोडला. नवे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या उत्तरार्धांत येथें आले, आणि थोडक्याच काळांत मृत्यु पावले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं मक्त्याची जबाबदारी पत्करली आणि अनुभवी इंजिनिअरांच्या हातीं व्यवस्था सोंपवून काम तडीस नेलें. १८६३ च्या एप्रिलांत मार्ग खुला झाला. मध्यंतरीं पटकीनें आणि अपघातांनीं किती तरी मजूर बळी गेले.

तोट्याचा हिशेब येथेंच संपला नाहीं. १८६७ सालीं घाटांतील एक मोठा दगडी पूल ढांसळला आणि रेल्वेच्या दगडी बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला. मोजमाप घेऊन बिल चुकतें करणें सोपें. दगडांच्या आंत चुना कसा भरला, हें पाहणें अवघड. पूल फिरून बांधावा लागला, आणि रेल्वेच्या खर्चामागें हमी उभी होती ती सरकारी तिजोरीचीच.

थकलेल्या मजुरीबद्दल मूळ मालकास जबाबदार धरण्यास मात्र फार काळ लोटला. मक्तेदारानें मजुरी न दिल्यास ती मूळ मालकानें द्यावी आणि मक्तेदाराकडून वसूल करून घ्यावी, असें १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें ठरविलें. लहान उद्योगांची बिलें जास्तींत जास्त ४५ दिवसांत चुकतीं व्हावीं, अशी तरतूद २००६ च्या कायद्यानें केली. घाटांतील दंग्यापासून पहिल्या तरतुदीपर्यंत १११ वर्षें गेलीं.

निविदा उघडतांना सर्वांत कमी दर कोणाचा, हें सारेच पाहतात. त्या दरांत मजुराची मजुरी वेळेवर निघते कीं नाहीं, हें पाहणारा जो असेल, तोच खरा हिशेबी. कारण मक्त्याच्या कागदावर जें स्वस्त दिसतें, त्याची उरलेली किंमत कोणी तरी दुसरा मोजीत असतो.