एअर रायफल, कॅलिबर आणि लुईसची बंदूक



हरणांचा सीझन जवळ आला की इथे अमेरिकेत हमखास विचारणा होते: शिकारीला एअर रायफल चालेल का, आणि कुठल्या कॅलिबरची? मी उत्तर इतिहासातून देतो.

जत्रेत फुगे फोडायची आपली छर्ऱ्याची बंदूक .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटरची. पण १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्याने घेतलेली जिरांदोनीची एअर रायफल .४६ च्या आसपास, अडीचपटीहून जाड! कारण सोपं आहे. हवेने दारूइतका वेग मिळत नाही, म्हणून गोळीच जड हवी. शिवाय दस्त्यातली टाकी भरायला पंपाचे सुमारे १५०० हात मारावे लागत.

१८०३ साली मेरिवेदर लुईस, बहुधा अशीच बंदूक घेऊन, पश्चिमेकडे निघाला. वाटेतल्या मूलनिवासींना तो ती झाडून थक्क करी. मोहिमेचं पोट मात्र दारूच्या बंदुकांनीच भरलं.

आज काही राज्यांत हरणाला एअर रायफल चालते, पण मोठ्या कॅलिबरची. .२२ ने खार, ससा ठीक; हरीण नुसतं जखमी होऊन झुडपात तडफडत राहतं. तेव्हा आधी जनावर ठरवा, राज्याचा नियम वाचा, मगच बंदूक घ्या.