निकेलची दुसरी खेळी

गावातल्या डीपीची घूं-घूं आपल्या कानांच्या सवयीची असते. रोहित्राच्या गाभ्यातील पोलादी पत्र्यांची लांबी चुंबकत्वामुळे सेकंदाला शंभर वेळा किंचित बदलते, आणि तो आवाज मुख्यतः त्यातून उठतो. चुंबकत्वाने धातूचा आकार बदलण्याच्या या गुणाला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात.

इंग्लंडमध्ये जेम्स जूलने तो लोखंडात पाहिला आणि १८४२ मध्ये जाहीर केला. बदल अगदीच क्षुल्लक होता. या बाबतीत लोखंडाला मागे टाकणारे निकेलही मीटरभर लांबीत केसाच्या जाडीच्या निम्म्याइतकेच आक्रसते. एवढ्याशा हालचालीचे करायचे काय, याचे उत्तर मिळायला पाऊणशेहून अधिक वर्षे गेली.

१९२८ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्सने निकेलसारख्या धातूंच्या कांड्या विद्युतमंडलाने कंपित ठेवून दाखवल्या. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये सर्गेई सोकोलोव्हने सुचवले, की कानाला न ऐकू येणाऱ्या, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनिलहरी धातूतून पाठवल्या तर तो न फोडता आतले दोष कळतील. दुसऱ्या महायुद्धात निकेल जहाजांच्या सोनारमध्ये कामी आले. धातूतील दोष शोधण्याचा मान मात्र स्फटिकाने पटकावला. मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोनला १९४२ मध्ये ज्या उपकरणाचे पेटंट मिळाले, ते तड्यावरून परतणारा प्रतिध्वनी टिपत असे. बारीक तडा हेरायला सेकंदाला लाखो कंपने लागतात. निकेलची मजल साधारण एक लाखापर्यंत. त्यापुढे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाहच शक्ती खाऊन टाकतात. पोलादात अशा मंद लहरीची लांबी काही सेंटिमीटर भरते. मिलिमीटरभर तडा तिच्या गावीही नसतो.

अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिजही १९२८ सालचाच. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी तो कोसळला आणि ४६ माणसे गेली. मूळ कारण होते साखळीच्या एका पोलादी दुव्यातला सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा. बारीक तडे हुडकणारी साधने तोवर आली होती. पण सांधा सुटा केल्याशिवाय त्या तड्यापर्यंत पोहोचताच येत नव्हते.

जिथे हात पोहोचत नाही, अशा जागा सर्वत्र आहेत: जमिनीखालच्या, रस्त्याखालून जाणाऱ्या, वेष्टनात गुंडाळलेल्या पाइपलाइनी. तिथे निकेलचा मंदपणाच उपयोगी पडला. कमी कंपनांची लहर पाइपच्या भिंतीचाच मार्ग धरून दूरवर जाते. १९९० च्या दशकात टेक्सासमधील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये या कल्पनेवर काम झाले. पाइपभोवती निकेलची पातळ पट्टी चिकटवायची, तिला चुंबकत्व द्यायचे, वर तारेचे वेटोळे ठेवून विजेचा झटका द्यायचा. पट्टी थरथरते, पाइपला नकळत पीळ बसतो आणि तो पीळ लहर होऊन धावू लागतो. वाटेत भिंत गंजून झिजली असेल तर प्रतिध्वनी परततो. पट्टी उलट क्रियेने त्याची पुन्हा वीज करते. एका जागी बसून दोन्ही बाजूंचे कित्येक मीटर असे तपासता येतात. सगळी पाइपलाइन उकरावी लागत नाही.

मात्र ही लहर झीज कुठे आहे ते सांगते. नेमकी किती, ते नीट सांगू शकत नाही. म्हणून दाखवलेल्या जागी खणतात आणि भिंतीची जाडी जलद कंपनांच्या उपकरणाने मोजतात. फायरस्टोनच्या प्रतिध्वनीचे काम तिथे अजून संपलेले नाही.