स्टुडिओ मॉनिटर : पॅसिव्ह की अॅक्टिव्ह?

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत संगीत किंवा भाषण तपासून ऐकण्यासाठी जे स्पीकर वापरले जातात, त्यांना मॉनिटर म्हणतात. घरातील स्पीकरने आवाज थोडा गोड करून ऐकवला तर श्रोत्याची तक्रार नसते. मॉनिटरने मात्र मुद्रणातील दोष लपवता कामा नयेत. मॉनिटर पॅसिव्ह घ्यावा की अॅक्टिव्ह, हा प्रश्न नवा स्टुडिओ उभारणाऱ्यापुढे हमखास येतो.

ज्यात अॅम्प्लिफायर बसवलेला तो अॅक्टिव्ह, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. खरा भेद क्रॉसओव्हरच्या, म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे स्वर ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या मंडलाच्या, जागेत आहे. पॅसिव्ह मॉनिटरमध्ये हे मंडल अॅम्प्लिफायरच्या नंतर येते. त्यामुळे अॅम्प्लिफायरची सगळी शक्ती तारेच्या वेटोळ्यांतून आणि कपॅसिटरमधून जाते व तिचा काही अंश उष्णतेत वाया जातो. अॅक्टिव्ह मॉनिटरमध्ये विभागणी आधी, संकेत क्षीण असतानाच होते आणि वूफर व ट्वीटर यांना स्वतंत्र अॅम्प्लिफायर मिळतो. आवाज फार वाढवल्याने वूफरचा अॅम्प्लिफायर अपुरा पडून आवाज फाटला, तरी तो बिघाड ट्वीटरपर्यंत जात नाही. पॅसिव्ह जोडीला कमी ताकदीचा अॅम्प्लिफायर जोडून ट्वीटर जाळून घेणारे कमी नाहीत.

दोन्ही परंपरांमागे प्रसारण संस्थांच्या गरजा आहेत. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रसारणाच्या गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी एलएस३/५ए हा लहानसा पॅसिव्ह मॉनिटर तयार केला. पुढे तो घरोघरच्या संगीतप्रेमींनीही उचलला. फिनलंडच्या वायएलई या प्रसारण संस्थेला आपल्या स्टुडिओंसाठी मॉनिटर हवे होते. त्यातूनच इलपो मार्टिकाइनेन आणि टोपी पार्टानेन यांची जेनेलेक ही कंपनी १९७८ मध्ये उभी राहिली. तिचा पहिला मॉनिटर एस३० अॅक्टिव्ह होता.

त्याच वर्षी जपानच्या यामाहाने एनएस-१० हा पॅसिव्ह स्पीकर बाजारात आणला. तो मुळात घरगुती वापरासाठी होता आणि तेथे त्याला फारसे यश मिळाले नाही. स्टुडिओंत मात्र त्याच्या पांढऱ्या वूफरची ओळख जगभर झाली. त्याचे वरचे स्वर इतके बोचत, की काही अभियंते ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवीत!

आज नव्या, लहान स्टुडिओसाठी अॅक्टिव्ह जोडी अधिक सोयीची ठरते. अॅम्प्लिफायरची निवड उत्पादकानेच केलेली असते, त्यामुळे ग्राहकाची चूक होण्यास वाव कमी. खरेदी करताना एक गोष्ट मात्र तपासावी. काही स्वस्त जोड्यांत एकाच खोक्यात दोघांचा अॅम्प्लिफायर असतो आणि दुसऱ्या खोक्याकडे त्यातून केवळ दोन पदरी तार जाते. आत क्रॉसओव्हर जुन्याच पद्धतीचा असतो. अशा जोडीला अॅक्टिव्ह म्हणून विकले जात असले, तरी ती वस्तुतः अॅम्प्लिफायर जोडलेली पॅसिव्ह जोडीच होय. माहितीपत्रकात वूफर आणि ट्वीटरसाठी वॉटचे आकडे वेगवेगळे दिले आहेत का, हे पाहणे ही सोपी कसोटी आहे.

अॅक्टिव्ह मॉनिटरची दुखरी बाजू दुरुस्तीची आहे. अॅम्प्लिफायर बंद पडला की संपूर्ण मॉनिटर कामातून जातो, आणि काम अंगावर असताना तो दुरुस्तीला पाठवणे स्टुडिओला परवडत नाही. खोक्यातील उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य घटते. तापमान १० अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बंदिस्त, तापलेल्या खोलीत मॉनिटर दिवसभर चालू ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पॅसिव्ह जोडीत अॅम्प्लिफायर बिघडला तर दुसरा जोडून तासाभरात काम पुढे नेता येते. ज्याच्याकडे चांगला अॅम्प्लिफायर आधीच आहे, त्याने तो मोडीत काढण्याचे कारण नाही.

तरीही जुना पॅसिव्ह मॉनिटर कायम टिकतो असे मानणे धाडसाचे आहे. एनएस-१० चे उत्पादन २००१ मध्ये थांबले, कारण त्याच्या वूफरच्या शंकूसाठी लागणारा कागदी लगदा मिळेनासा झाला. अशी जुनी जोडी घेताना दोन्ही वूफर मूळचे आहेत की बदललेले, हे विचारून घ्यावे. शक्यतो परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण सोबत नेऊन, डावा व उजवा मॉनिटर आळीपाळीने त्याच जागी ठेवून ऐकावा.