पास द्यायच्या बेतात

बॉस्टनच्या सिटी हॉलपुढच्या पटांगणात बास्केटबॉलपटू बिल रसेलचा पुतळा उभा आहे तो पास द्यायच्या बेतात. सांगलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पीटी शिकवली. त्यातली निम्मी बास्केटबॉलच्या कोर्टावर शिट्टी फुंकण्यात गेली, म्हणून लेकीकडे आल्यावर हार्वर्डच्या आधी मी हा पुतळा बघायला निघालो.

खेळाडूचा पुतळा म्हटलं की तो हवेत झेपावलेला दाखवायचा, अशी रीत. शिकागोतला मायकेल जॉर्डन तसाच आहे. शिल्पकार अ‍ॅन हर्श यांनी मात्र पास निवडला, आणि कोर्टावर घाम गाळलेल्या माणसाला तो लगेच पटतो. बोर्डावरून परतलेला बॉल उंचावरच झेलायचा आणि पुढे पळत सुटलेल्या गड्याकडे तत्काळ फेकायचा, इथूनच रसेलचा खेळ सुरू व्हायचा. असे झेललेले २१,६२० रिबाउंड त्याच्या नावावर आहेत. समोरच्याचा शॉट अडवतानाही तो बॉल प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी हलकेच टोलवून आपल्या गड्याच्या हाती जाईल असं बघायचा. आमची पोरं बॉल कुंपणापार घालवून टाळ्या घ्यायची. मी ओरडायचो, ‘‘अरे, बॉल परत त्यांनाच मिळाला ना!’’

पुतळ्याभोवती ग्रॅनाइटचे अकरा चौथरे आहेत. १९५६ ते १९६९ या तेरा हंगामांत बॉस्टन सेल्टिक्स या त्याच्या संघानं त्याच्यासह अकरा वेळा अजिंक्यपद जिंकलं. त्यातल्या शेवटच्या दोन वेळी तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, १९६६ पासून.

पुतळा उघडला १ नोव्हेंबर २०१३ रोजी. तोवर रसेल एकोणऐंशी वर्षांचा झाला होता. पटांगणातून खाली उतरून फॅन्युइल हॉलच्या बाजारात गेलं की त्याचे गोरे प्रशिक्षक रेड ऑर्बाक ब्राँझच्या बाकावर सिगार घेऊन बसलेले दिसतात, ते १९८५ पासून. जवळच सेल्टिक्सच्याच लॅरी बर्डचे ब्राँझचे बूट आहेत. थोडक्यात, रसेलच्या आधी बुटांची सोय झाली.

या उशिराचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शहराजवळच्या रीडिंग गावात त्याच्या घरात लोक घुसले, भिंतींवर शिव्या खरडल्या, ढाली-करंडक फोडले आणि बिछान्यात घाण करून गेले. खेळत होता तेव्हाची ही गोष्ट. १९७२ मध्ये सेल्टिक्सनं त्याचा ६ नंबर कायमचा राखून ठेवला, तेव्हा त्याच्या अटीवर तो सोहळा प्रेक्षक आत यायच्या आधी, रिकाम्या बॉस्टन गार्डनमध्ये उरकला गेला. टाळ्या नकोत म्हणणारा खेळाडू मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आणि हे पटांगण! कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एकमेकांच्या शाळांत बसनं नेण्याचा न्यायालयाचा हुकूम १९७४ मध्ये झाला आणि शहर पेटलं. ५ एप्रिल १९७६ रोजी टेड लँड्समार्क हे कृष्णवर्णीय वकील बैठकीसाठी सिटी हॉलकडे निघाले होते. त्या हुकुमाविरुद्ध निदर्शनाला आलेल्या गोऱ्या पोरांनी त्यांना इथेच मारलं. एकानं अमेरिकेच्या झेंड्याची काठी भाल्यासारखी त्यांच्यावर रोखली. स्टॅन्ली फोरमन यांच्या त्या छायाचित्राला पुलित्झर मिळालं. पुतळ्याला हीच जागा मिळावी, हे मला शहराच्या कुठल्याही भाषणापेक्षा प्रामाणिक वाटतं.

२०११ मध्ये रसेलला राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक देताना ओबामांनी बॉस्टनमध्ये त्याचा पुतळा व्हावा अशी इच्छा बोलून दाखवली. गडी मात्र फारसा राजी नव्हता. मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या कामालाही जोडीनं मदत मिळणार, हे कळल्यावर तो तयार झाला. २०१५ मध्ये शेजारी दोन ब्राँझची मुलंही आली.

मी गेलो तेव्हा दुपारच्या सुट्टीची वेळ होती. एका चौथऱ्यावर एक बाई डबा उघडून बसल्या होत्या आणि त्यांच्या कोटाखाली चौथऱ्यावर कोरलेली अक्षरं झाकली गेली होती. बाकीचे दहा वाचून झाले होते. त्यांचं जेवण होईपर्यंत मी थांबलो.